खोबरेल गोठल्यापासून रथसप्तमीपर्यंत : मुंबईच्या थंडीतल्या छोट्या सुखांची वही

प्रश्न थोडक्यात असा : मुंबईत थंडी येते कधी, जाते कधी, कळत नाही. रोजच्या लहानसहान सुखांबद्दल कृतज्ञ राहा, रात्री झोपताना तीन गोष्टी लिहा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रत्यक्षात लिहायला बसलं की आठवड्याभरात 'चहा, ऊन, शाल' एवढंच उरतं आणि दहाव्या दिवशी वही बंद पडते. हे नीट करायचं कसं?

वही बंद पडते ती आळसाने नाही. सांगणाऱ्याने पद्धत अर्धवट सांगितलेली असते.

आधी शब्दाचं बघू. 'कृतज्ञता' हा शब्द आपण घरात वापरत नाही. मराठी माणूस आभार मानतो ते समारंभाच्या शेवटी, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं की निम्मा हॉल चपला शोधायला लागतो. आईने तव्यावरची पोळी ताटात टाकली म्हणून तिला कोणी 'मी आभारी आहे' म्हणत नाही. म्हटलंच तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. त्यामुळे वहीत 'मी अमुक गोष्टीसाठी कृतज्ञ आहे' असं लिहिलं की ते वाक्य दुसऱ्याच कोणाचं तरी वाटतं आणि हात अडखळतो. ते सोडून द्या. आपला शब्द आहे 'दखल घेणं'. काय झालं, कुठे झालं, कोणामुळे झालं, एवढंच लिहा. मनात काही दाटून आलं तर आलं; नाही आलं तरी नोंद खोटी ठरत नाही.

दुसरं, रोज लिहू नका. ही वही ज्या संशोधनामुळे जगभर पोचली, त्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासातला एक प्रयोग आठवड्यातून एकदाच लिहिण्याचा होता : दहा आठवडे, दर वेळी जास्तीत जास्त पाच गोष्टी. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. याचं कारण सांगणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे : अंगवळणी पडणं. सुख जसं अंगवळणी पडतं तशी सुखाची नोंदही पडते. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा प्रयोग मार्टिन सेलिग्मन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडला हे खरं, पण तो एका आठवड्यापुरता सांगितलेला होता आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'हे का घडलं' तेही लिहायचं होतं. लोकांनी तीनचा आकडा उचलला आणि 'का' गाळला. म्हणून आठवड्याला एक दिवस ठरवा. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, किंवा ज्यांचा रविवार कामात जातो त्यांनी सुट्टीच्या आदल्या रात्री. पंधरा मिनिटं पुरतात. मध्ये काही डोळ्यांत भरलं तर दोन शब्द मोबाइलमध्ये टिपून ठेवायचे, बस.

आता मुदत. वर्षभराची वही मुंबईकराने घेऊ नये. जूनमध्ये लोकलमध्ये घामाने आणि पावसाने एकदम भिजत असताना छोट्या सुखांची यादी करायला सांगणं म्हणजे चेष्टा आहे. आपल्याकडे या कामाला थंडीच बरी, कारण ती थोडी आहे. सुरुवात कधी करायची ते कॅलेंडर सांगत नाही. खोबरेल तेलाची बाटली सांगते.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं. फ्लॅटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब आत सोडत राहतात, म्हणून बाहेर १९ अंश असले तरी न्हाणीघरातल्या फळीवरची बाटली पातळच राहू शकते. थंडी जोखायची बाटली वेगळी ठेवा : काचेची, निम्मी भरलेली, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये. तेल निव्वळ खोबऱ्याचं हवं. 'हलकं', 'चिकट न होणारं' म्हणून मिळणाऱ्या सुगंधी तेलांत बहुधा खनिज तेल मिसळलेलं असतं, ते गोठून दाखवत नाही आणि मग माणूस म्हणतो यंदा थंडीच पडली नाही. पहिल्या दिवशी बाटली पूर्ण गोठत नाही. काचेला लागून, तळाशी, पांढरा ढग धरतो, मधलं तेल अजून पाण्यासारखं असतं, बाटली कलती केली की ढग हलतो. नऊ-दहा वाजता ऊन चढलं की सगळं पुन्हा नितळ. तो ढग दिसला की वही काढायची. (डोक्याला लावायला गोठलेलं तेल हवं असेल तर वाटीत काढून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. प्लॅस्टिकची बाटली गॅसजवळ नेऊ नका. तळ वाकतो आणि झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही.)

शेवटचा दिवस रथसप्तमी. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. संक्रांतीपासून चाललेलं तिळगूळ आणि हळदीकुंकू तिथे थांबतं, थंडीही काढता पाय घेत असते. एवढ्या काळात आठ-दहा नोंदी होतात. त्या पुरेशा आहेत.

दिवसाची वेळही नेमकी धरावी लागते. मुंबईची थंडी ही पहाटेची थंडी आहे. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, उत्तरेकडची कोरडी हवा आली की सकाळ गार पडते. दुपारी पारा ३० च्या वर गेलेला असतो आणि समुद्रावरचं वारं सुटेपर्यंत खाली येत नाही. उपनगरं आणि कुलाबा यांत फरक मोठा. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली तेव्हा कुलाब्याला ११.७ होतं, तीन बाजूंनी समुद्र असल्यावर पारा तेवढा उतरत नाही. तेव्हा दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी बोरिवली किंवा पवईच्या माणसाची थंडी आपल्या वहीत शोधू नये.

आणखी एक : मुंबईत सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो २१ डिसेंबरला नव्हे, जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. म्हणजे साडेसहाच्या आत उठणाऱ्याला संक्रांतीच्या आसपास पाऊण तास निव्वळ अंधार आणि उजाडणं मिळतं. शाळेची बस, दूध, पेपर, पाव हे सगळं याच वेळात दारात येतं. छोट्या सुखांचं पीक इथे आहे. साडेआठनंतर शोधायला निघालात तर फक्त ट्रॅफिक सापडेल.

एक सावधगिरी इथेच सांगतो. थंड पहाटे जमिनीलगतची हवा वर उठत नाही, धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या वर, म्हणजे 'खराब' किंवा त्याहून वाईट गटात असेल, तर कोवळं ऊन खायला म्हणून रस्त्यावर फिरायला जाऊ नका. दम्याच्या माणसाने तर नाहीच. त्या दिवसाचं सुख घरात शोधा.

घरात शोधण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ऊनच. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंशांवर असतो, मेच्या मध्यावर तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून मे महिन्यात काडीचंही ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात तेच ऊन थेट सोफ्याच्या पायापर्यंत सरकतं. ज्यांच्या घराला दक्षिणेची खिडकी आहे आणि समोरची इमारत अंगावर आलेली नाही, त्यांनी दर रविवारी साडेबाराच्या सुमारास ऊन जिथवर पोचलं तिथे फरशीवर खडूने रेघ ओढावी आणि तारीख घालावी. २१-२२ डिसेंबरपर्यंत रेघा आत आत येतात, मग मागे सरकायला लागतात. मुलांना यातून भूगोल कळतो, पण मुख्य फायदा वेगळा आहे : ऊन अंगवळणी पडत नाही, कारण ते दर आठवड्याला निराळ्या फरशीवर असतं. त्याच पट्ट्यात गोधड्या आणि शाली टाका. दोन तास एका बाजूने, मग उलटून दोन तास. तासाभरात उचलल्या तर डांबरगोळ्यांचा वास तसाच राहतो आणि रात्री नाकाशी येतो.

आता नोंद कशी लिहायची ते जवळून बघा. 'सकाळचा चहा छान होता' ही नोंद नाही, हा शेरा आहे. पुढच्या आठवड्यात तोच शेरा पुन्हा येणार. तोच चहा असा लिहिता येतो : 'गुरुवार, पावणेसात. पंखा बंद होता म्हणून पातेल्यात आलं पडल्याचा आवाज ऐकू आला. कप दोन्ही हातांनी धरला, एरवी कानाला धरून ठेवतो. साय धरायच्या आत संपला. दूधवाला आज कानटोपी घालून आला होता, पातेलं त्यानेच धरलं.' चार ओळी. यात वेळ आहे, हाताला लागलेली एक गोष्ट आहे, एरवीपेक्षा निराळं काय ते आहे, आणि एक माणूस आहे. या चारांतलं माणूस हे सर्वांत जास्त वेळा गळतं. ते गळलं की वही हवामानाची होते. 'ऊन छान, वारा छान, धुकं छान.' सुख आपोआप पडलेलं नसतं, कोणाच्या तरी हातून आलेलं असतं, हे दिसायला नावच लिहावं लागतं. वसईहून पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन येणाऱ्या बाईकडून वर्षभर भाजी घेतो आणि तिचं नाव माहीत नसतं. विचारा. एका नावाने नोंद बदलते.

लिहायला काहीच सुचत नसेल तर उलटीकडून या. मिनक्यॉन्ग कू, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली गोष्ट नुसती आठवण्यापेक्षा 'ही घडलीच नसती तर' अशी कल्पना केल्यावर लोकांना अधिक बरं वाटतं. मुंबईत हे सोपं आहे. रात्री पंखा बंद करून झोपता आलं, ही जानेवारीतली साधी गोष्ट. ती मेमध्ये किती रुपयांना विकत घेतली असती, असा विचार करून बघा. पंखा बंद झाल्यावर ऐकू आलेले आवाज लिहा. शेवटची लोकल, वॉचमनची काठी, वरच्या मजल्यावरचा खोकला. एरवी हे सगळं पंख्याखाली बुडालेलं असतं.

फोटोचं काय, असं हटकून विचारतात. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असतात, विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने टॅबेबुइयाची झाडं गुलाबी फुलतात, मरीन ड्राइव्हला कुरव पक्षी (सीगल) येतात. हात खिशाकडे जाणारच. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळ ओढून काढला तेव्हा हा तोटा दिसला नाही. तेव्हा फोटो काढायचाच तर अख्ख्या थव्याचा नको, एका पक्ष्याच्या पायाचा काढा. आणि कुरवांना गाठिया-शेव टाकू नका. आपलं छोटं सुख त्यांच्या पोटाला बाधतं. रोहित बघायला जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा. ऐन भरतीला चिखल पाण्याखाली असतो आणि माणसं 'काही नव्हतं' म्हणत परत येतात.

एकट्याने लिहिणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पंचांगाने एक दिवस तयारच ठेवला आहे : भोगी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण भोगीची भाजी ही थंडीने जे जे दिलं त्याची एका कढईतली यादी आहे हे क्वचितच कोणी सांगतं. चौघांसाठी : सोललेला ओला हरभरा एक वाटी, पावट्याचे दाणे एक वाटी, मटार अर्धी, भिजवलेले शेंगदाणे पाव वाटी, लहान वांगी चार, एक गाजर, पाच-सहा बोरं, उसाचे पाच-सहा करवे, भाजलेल्या तिळाचा कूट तीन चमचे, चिंच, गूळ, गोडा मसाला. सोलणं आदल्या संध्याकाळी, वर्तमानपत्र पसरून, सगळ्यांनी मिळून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. हात गुंतलेले असले की माणसं बोलतात. समोरासमोर बसवून 'या आठवड्यात काय चांगलं झालं सांग' म्हटलं तर पंधरा वर्षांचा मुलगा उठून जातो; शेंगा सोलताना तोच मुलगा आपणहून सांगतो.

करताना दाणे आधी फोडणीत टाकून गरम पाण्यात शिजवा, वांगी आणि गाजर नंतर, बोरं आणि ऊस त्याच्याही नंतर. चिंच दाणे मऊ झाल्यावरच. आधी घातली तर आंबटामुळे पावटा कडकच राहतो. कूट अगदी शेवटी, नाहीतर तळाला लागून कडवट होतो. तीळ भाजताना तडतडू लागून रंग धरला की लगेच ताटात ओता, गॅस बंद केला तरी गरम कढईत ते भाजतच राहतात. बरोबर बाजरीची तीळ लावलेली भाकरी. बाजरीच्या पिठातली चरबी लवकर बिघडते, म्हणून आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळून आणा. कडू भाकरी झाली की दोष थापणारीवर येतो आणि खरा दोष पिठाच्या वयाचा असतो. बाजरीला गव्हासारखा चिवटपणा नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो; पाणी कोमट असलं किंवा मळणं कमी पडलं की कडा फाटतात. एकेका भाकरीपुरतंच मळा. थापताना वरच्या अंगाला तीळ दाबा, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते तिच्यावर पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा. भाजीत बोर कोणाच्या वाटणीला आलं आणि कोणाला नको होतं, एवढं जरी वहीत गेलं तरी त्या आठवड्याची नोंद झाली.

आता परतफेड. आभार तोंडाने मानायला आपल्याला जड जातं, पण शेजारणीचं वाडगं रिकामं परत करायचं नाही हे मात्र न शिकवता येतं. कृतज्ञतेचा हा आपला घरगुती प्रकार आहे आणि मला विचाराल तर वहीपेक्षा तो पक्का. दर आठवड्याच्या नोंदीतून एक माणूस निवडा आणि त्याचं वाडगं भरा. सोसायटीचा रात्रीचा वॉचमन सर्वांत आधी, कारण ज्या थंडीत आपण पंखा बंद करून सुखाने झोपतो तीच तो गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत काढतो. त्याला पहाटे चार-पाचच्या सुमाराचा चहा लागतो, रात्री अकराचा नाही; म्हणून थर्मास. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून मग चहा भरा. गार काचेत ओतलेला चहा पहाटेपर्यंत कोमट होतो. शक्य असेल तर दूध वेगळं द्या, दुधाचा चहा तासन् तास कोंडला की त्याची चव उतरते. साखर किती ते विचारा. पांघरूण द्यायचं तर विटलेलं नको, धुतलेलं आणि स्वतःच्या पाहुण्याला देऊ असं हवं.

चार शब्द लिहून द्यायला संकोच वाटत असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत, आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांनी समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज जास्त केला आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. घडतं उलट. तिळगुळाच्या पुडीत चिठ्ठी घाला. 'नोव्हेंबरात लिफ्ट बंद होती तेव्हा तुम्ही आईची औषधं वर आणून दिलीत' असं एकच नेमकं वाक्य. 'तुमच्या सहकार्याबद्दल धन्यवाद' नको, ते सोसायटीच्या नोटिशीत शोभतं.

शेवटी, ही वही कुठे उलटते तेही सांगायला हवं. 'लोकांना तर एवढंही मिळत नाही' असं वाक्य लिहू लागलात तर थांबा. तिथून पुढे सुख उरत नाही, अपराधीपणा येतो. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, नोकरी सुटली असेल, तर 'चांगलं तेवढं बघ' असं स्वतःला किंवा दुसऱ्याला सांगायला ही वही वापरू नका. त्या आठवड्याचं पान कोरं सोडा किंवा जे वाईट आहे तेच लिहा. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल तर ते वहीचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि एखादा आठवडा राहिला तर मागचा भरून काढू नका. आठवून लिहिलेल्या नोंदीत पुन्हा 'चहा, ऊन, शाल'च येतं.

रथसप्तमीला तुळशीपाशी किंवा गॅलरीत बोळक्यात दूध ठेवून ते उतू घालवलं की शेवटची नोंद करा, खडूच्या रेघा पुसा आणि वही शाली-स्वेटरांबरोबर ठेवून द्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. ट्रंकेत अगदी वर ठेवा. पुढच्या थंडीत शाल काढायला झाकण उघडलं की आधी तीच हाताला लागते.